काळी की पांढरी?

घर बांधणाऱ्या मनुष्यास लोक जो सल्ला देतात तो दाराचा, खिडकीचा आणि जिन्याच्या पायऱ्यांचा. परंतु घर कोणत्या गावी बांधावे, याविषयी मात्र कोणी काही सांगत नाही. बहुतेकांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. वडिलांनी जेथे घर बांधले तेथे मुलगा राहतो, किंवा नोकरी नेईल तेथे जातो. आमच्या घरावर मात्र असा प्रसंग आला की, सबंध जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात पसरून ‘यांतले कोणते गाव आपले?’ असे आम्हांस एकमेकांना विचारावे लागले. त्या विचारण्यात दोन वर्षे गेली, दोनदा घरात अबोला झाला, आणि शेवटी जे ठरले ते नकाशाने ठरविले नाही. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या भगिनींस ही हकीकत कदाचित उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून ती लिहीत आहे.

आमचा वाडा सोलापुरास, उत्तर कसब्यात. सिद्धेश्वराचे तळे तेथून थोड्याच चालीवर. वाडा जुन्या पद्धतीचा, माळवदाचा. ज्यांनी माळवद पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते: जाड दगडमातीच्या भिंतींवर लाकडी तुळया टाकतात, तुळयांवर आडवी लाकडे व फळ्या, त्यांवर निंबाचा पाला आणि सर्वांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड थर चांगला चोपून बसवितात. बाहेर वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेला तरी माळवदाखालच्या माजघरात दुपारी डोळा लागतो. आमच्या जिल्ह्यात पाऊस थोडा, वर्षाकाठी सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर. म्हणूनच मातीचे छप्पर येथे शतकानुशतके टिकले. पण त्याची एक अट असते. दर वर्षी मृगापूर्वी वर चढून माती सारखी करावी लागते, भेगा बुजवाव्या लागतात. मामंजी होते तोवर हे व्रत त्यांनी चुकविले नाही. ते गेले, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत माळवदावर चढणारे घरात कोणी उरले नाही. एका श्रावणात मागल्या सोप्यातील तुळई वाकली, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो निम्मा सोपा अंगणात. दैवाने त्या वेळी तेथे कोणी निजले नव्हते.

वाडा दुरुस्त करावा तर खर्च नव्या घराइतका, आणि राहू द्यावा तर जिवाला धोका. जागेला गिऱ्हाईक होते. तेव्हा वाडा विकावा आणि दुसरीकडे बांधावे, असे यजमानांनी व धाकट्या भाऊजींनी ठरविले. त्यांनी ठरविले असे म्हणते, कारण आम्हां बायकांस ते जेवणाच्या पानावर कळले.

पुण्यास असलेला माझा मुलगा म्हणाला, “सगळेच इकडे या. अकराव्या मजल्यावर दोन घरे शेजारी-शेजारी मिळतील.” सासूबाईंनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अरे, तुळस लावायची ती कुणाच्या डोक्यावर? मला पाय भुईला टेकतील असं घर दे, मग ते कुठंही असू दे.” सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, त्यांच्या शब्दापुढे अकरावा मजला कोसळला.

सोलापुरातच दुसरी जागा का घेतली नाही, असे कोणी विचारील. त्या शहरावर आमचा राग नाही. ज्या गावात एकाच गल्लीत सकाळी मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानी पडतात, त्या गावी वाढलेल्या मुलांस परके कोणी वाटत नाही, ही विद्या कोणत्याही शाळेत मिळत नाही. मकरसंक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले की आमच्या आत्यासासूबाई अजूनही उभ्या राहून हात जोडतात. १९३० सालच्या एप्रिलात येथल्या नगरपालिकेवर राष्ट्रीय निशाण चढले, मे महिन्यात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे हे चौघे येरवड्यास फासावर गेले. आमच्या आजेसासऱ्यांनी ते दिवस पाहिले होते, आणि घरातील प्रत्येक मुलाला ती चार नावे पाढ्यांबरोबर पाठ करविली होती. असे गाव सुखासुखी कोणी सोडीत नाही. परंतु गिरण्यांचे भोंगे थांबल्याला आता बरीच वर्षे झाली; जुनी माणसे गेली, तरुण पुण्या-हैदराबादेकडे वळले. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, तरी आमच्या गल्लीत नळाची वाट दिवसचे दिवस पाहावी लागे. घरातील निम्मी भांडी स्वयंपाकाची आणि निम्मी पाण्याची, असा संसार आम्ही केला. शहरात जागा मिळत होती ती एवढी की तीत अंगण काढले तर घर उरत नव्हते.

यजमान मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले; कोणतीही गोष्ट कोष्टकावाचून करावयाची नाही, हा त्यांचा बाणा. त्यांनी एका वहीत सहा रकाने आखले: पाणी, माती, वैद्य, वाट, विद्या आणि सोबत. दर रविवारी एक गाव पाहून यायचे आणि गुण मांडायचे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडलजवळचा ओसाड माळ पत्करून तेथे कारखान्यासकट वसाहत उभी केली, ती गोष्ट ते आम्हांस मोटारीत सांगत. मी एकदा म्हटले, “तेथे लोकांना कामासाठी जायचे होते. आपल्याला तर काम संपल्यावर जायचे आहे. दोन्हींना एकच कोष्टक कसे चालेल?” ते हसले, पण कोष्टक बदलले नाही.

प्रथम बार्शी पाहिली. भगवंताचे देऊळ, भरलेली बाजारपेठ, आणि १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांच्या आठवणी अजून सांगणारी माणसे. तेथे १९८२ पासून कर्करोगाचे मोठे रुग्णालय आहे. वैद्याच्या रकान्यात बार्शीस सर्वांत अधिक गुण पडले. पण दिवसभर हिंडून आल्यावर भाऊजी म्हणाले, “वहिनी, हे तर धाकटं सोलापूरच झालं. मग थोरलं का सोडायचं?” ते खरेच होते.

पुढे अक्कलकोट. आत्यासासूबाईंचे मन तेथे गुंतले होते. १९४८ सालापर्यंत हे भोसल्यांचे संस्थान होते. स्वामी समर्थांनी तेथे १८७८ साली समाधी घेतली, आणि आता वर्षभर भक्तांची रीघ असते. भक्तांसाठी जे गाव वाढते त्यात निवास पुष्कळ होतात, शेजार मात्र थोडा. आम्ही पाहिलेल्या जागेच्या तिन्ही बाजूंस निवासच होते. सोबतीच्या रकान्यात यजमानांनी शून्य लिहिले.

पंढरपुराविषयी तर वाद नको होता. चंद्रभागा, वाळवंट, पहाटेची काकड आरती. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणीच आले. परंतु परत येताना माझ्या धाकट्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, “ताई, आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या. आपली माणसं किती, मोजलीत का? प्रत्येक वारीला निदान वीस पानं.” मी मोजली. घर आमचे न राहता धर्मशाळा होईल, आणि त्या धर्मशाळेची चूल आम्हां दोघींकडे. देवाच्या गावी राहून देवदर्शनास वेळ न मिळणे यासारखे दुर्दैव नाही. पुरुषांच्या कोष्टकात हा रकानाच नव्हता. पण जाऊबाईंचे हे बोलणे मी त्या वेळी हसण्यावारी नेले. त्यात त्यांचे स्वतःचे काही होते, हे मला पुढे कळले.

मंगळवेढ्यास आम्ही सहज म्हणून गेलो. सोलापुरापासून सुमारे पंचावन्न किलोमीटर; वाटेत बेगमपुरास भीमा ओलांडावी लागते. पलीकडे माचणूरला नदीकाठी सिद्धेश्वराचे शांत देऊळ आहे आणि जवळच ब्रह्मपुरी, जेथे औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षे पडली होती. दिल्लीच्या बादशहास या काठावरून हलवेना, आम्ही तर साधी माणसे! पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांस क्षितिजापर्यंत ज्वारी. या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मालदांडीची ती कणसे पावसाच्या पाण्यावर नव्हे, तर काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर आणि हिवाळ्यातील दहिवरावर भरतात, हे तेथल्या एका शेतकऱ्याने आम्हांस बांधावर बसवून समजावले.

गाव लहान, पण अंगावर इतिहास केवढा! बाराव्या शतकात कलचुरींची राजधानी येथे होती, आणि कल्याणास जाण्यापूर्वी बसवेश्वर येथेच राहिले. पंधराव्या शतकात बिदरच्या बादशहाचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी अंबारे लुटविली, आणि विठ्ठलाने विठू महाराच्या वेषात जाऊन त्याची भरपाई केली, असे परंपरा सांगते. कान्होपात्रा याच गावची. आणि १३३८ साली गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर पडून चोखोबा गेले तेही येथेच. त्या जागी उभी असताना माझ्या मनात आले की, ज्यांनी कूस बांधले त्यांस कुसाच्या आत घर नव्हते. आपण गाव ‘निवडतो’, ही केवढी चैन! आमच्या पूर्वजांना वाड्यासाठी जागा मिळाली ती गावाच्या मध्यभागी. ती त्यांनी कमावली की त्यांना आयती मिळाली, याचा विचार आमच्या घरात कधी झाला नव्हता. परतताना मी तो यजमानांजवळ बोलून दाखविला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “आपल्याला वस्तीला वेगळी आळी नको. चार जातींची माणसं जिथं शेजारी असतील तिथंच पाहू.” त्यांच्या वहीतील सोबतीच्या रकान्याचा अर्थ त्या दिवशी बदलला.

सर्वांस गाव पसंत पडले. १९४८ पूर्वी ते सांगली संस्थानात होते. तो जुना, सावकाश चालणारा ढंग अजून आहे. उणिवाही लिहून ठेवल्या. गावास आगगाडी नाही. मोठे दुखणे आले तर पंढरपूर किंवा सोलापूर गाठावे लागणार. तालुक्याच्या दक्षिणेकडील गावांनी पाण्यासाठी किती वर्षे वाट पाहिली, हेही आम्हांस ठाऊक होते. तरी भाऊजींना बँकेतून पंढरपुरास बदली मिळण्याजोगी होती, आणि पंचवीस किलोमीटरची वाट रोजच्या जाण्यायेण्यास जड नव्हती.

गावाबाहेर नव्याने पाडलेल्या भूखंडांत एक जागा यजमानांनी पाहिली. चौकोनी, पूर्वाभिमुख, रस्त्यालगत, भावही बेताचा. त्यांनी तोंडी शब्द दिला आणि मग सासूबाईंना दाखवावयास घेऊन आले. फाल्गुन संपत आला होता. सासूबाई काठी टेकीत दहा पावले चालल्या आणि थांबल्या. काठी भुईत रुतली होती. पाहतो तो जमिनीला हाताची चार बोटे जातील अशी भेग. त्यांनी काठी उपसली, खाली पाहिले आणि विचारले, “अरे, ही काळी की पांढरी?”

आमच्या घरात एवढी माणसे शिकलेली. पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. जुन्या भाषेत गावचे दोन भाग असत: काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. ‘काळी पिकवायला आणि पांढरी राहायला’ असे त्या म्हणाल्या. शब्द आम्हांलाही ठाऊक होते, पण ते आम्ही दप्तरातील शब्द समजत होतो. त्यांत पिढ्यांचा अनुभव साठविलेला आहे, हे विसरलो होतो. पाटलाने वस्ती कोठे बसवावी हे त्या शब्दांतच सांगितलेले होते.

यजमान मनातून रागावले. शब्द दिला होता ना! दोन दिवस ते आईशी नीट बोलले नाहीत. अखेर भाऊजींनी ओळखीच्या एका अभियंत्यास आणून जागा खणून दाखविली. आठ फूट खाली गेले तरी काळीच. त्यांनी सांगितले की, या मातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. घराचा एक कोपरा उचलला जातो, दुसरा खचतो आणि भिंतीला तिरप्या भेगा पडतात. उपाय नाही असे नव्हे. रुडकीच्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली बुंधा रुंद असलेले खांब घालण्याची पद्धत प्रचारात आणली आहे. ते खांब खोलवर, जेथे ओल बारा महिने सारखी असते तेथे नेऊन टेकवावयाचे. “आणि,” ते म्हणाले, “खांबांवरची तुळई जमिनीला चिकटून घालायची नाही. खाली तीन बोटं मोकळी जागा सोडायची. माती फुगली तर तिला फुगायला ठिकाण हवं. नाही तर ती सगळं घर वर ढकलते.”

खर्चाचा आकडा ऐकून यजमानांनी दिलेला शब्द परत घेतला. जागेच्या मालकाने तो हसत परत दिला, हे त्याचे औदार्य. चार महिन्यांनी गावाच्या जुन्या वस्तीला लागून दुसरी जागा मिळाली. आकाराने वेडीवाकडी, पण सहा फुटांवर पक्का मुरूम. शेजारी एक कोष्टी, एक निवृत्त कंडक्टर आणि समोर मशिदीची गल्ली. सासूबाईंनी मूठभर माती हातात घेऊन चोळून पाहिली आणि मान हलविली.

येथे ही गोष्ट संपावयास हवी होती. पण खरा तंटा नकाशा काढताना उपस्थित झाला. अभियंत्याने विचारले, “स्वयंपाकघर एक की दोन?” मी तत्काळ म्हटले, “एकच. आमचं घर एकत्र आहे.” हे म्हणताना माझा आवाज अभिमानाने भरला होता. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. रात्री आवराआवर करताना त्यांच्या हातून भांडे पडले, आणि त्या एकाएकी रडू लागल्या. “ताई, मला चोवीस वर्षं झाली या घरात येऊन. आज आमटीत गूळ किती, हे मी एक दिवसही ठरवलं नाही. घरात मला काही कमी नाही. पण एक ओटा, एवढासा, माझा असू दे.”

मला प्रथम राग आला, मग लाज वाटली. मी सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंच्या हाताखाली हीच तगमग मी सोसली होती. माझ्या हाती चूल आली तेव्हा ती मी विसरले, आणि माझ्या सत्तेला ‘एकत्र कुटुंब’ असे गोड नाव दिले. त्या चोवीस वर्षांत त्या माझ्याशी कधी भांडल्या नाहीत, याचेच मी कौतुक सांगत असे. मी चार दिवस कोणाशी बोलले नाही. भाऊजींना वाटले, घर आता फुटते. एका रात्री झोप येईना तेव्हा त्या अभियंत्याचे बोलणे आठवले: फुगायला ठिकाण हवे. सकाळी मी स्वतः यजमानांस म्हटले, “दोन स्वयंपाकघरे काढा. मध्ये माजघर मात्र एकच, आणि त्यास दोन्हीकडून दार.”

सासूबाई हे ऐकून चुलीच्या वाटणीबद्दल दुखावतील, असे आम्हांस वाटले होते. त्या म्हणाल्या, “मला विचारलं असतं तर मी वाडा होता तेव्हाच सांगितलं असतं.” मग थोडे थांबून, “पण मलाही माझ्या सासूनं विचारलं नव्हतं.”

घरात राहावयास येऊन आता दोन वर्षे झाली. वास्तुशांतीला सोलापूरची गल्ली एक बस करून आली होती. कुंपणाच्या भिंतीला केसासारखी एक भेग आहे, घरास नाही. सर्व काही गोड झाले, असे सांगणे खोटे होईल. सोलापुरातील ओळखीच्या डॉक्टरांची मला रात्री-अपरात्री आठवण येते. मागील पावसाळ्यात आत्यासासूबाईंना धाप लागली तेव्हा सोलापूरची वाट सरता सरेना, आणि ‘वाट’ या रकान्यात आपण फार गुण दिले की काय, असे वाटले. त्या बऱ्या होऊन परत आल्या, ही देवाची कृपा. वाड्याच्या जागी आता पाच मजली इमारत उभी आहे. यजमान त्या रस्त्याने जात नाहीत.

पण पौषात हुरड्याच्या दिवसांत पुण्याची मुले येतात, शेजारचा कोष्टी आपल्या मळ्यात आगटी पेटवितो, आणि समोरच्या गल्लीतील बायका शेंगदाण्याची चटणी घेऊन येतात. तेव्हा यजमान ती जुनी वही काढून मुलांना दाखवितात. सहा रकान्यांपुढे त्यांनी सातवा आखला आहे. त्याचे नाव मात्र अजून त्यांना सुचलेले नाही.

ज्या भगिनींच्या घरी असा प्रसंग येईल त्यांना माझे सांगणे एवढेच की, गाव पाहण्यास जाताना घरातील सर्वांत वृद्ध माणसास बरोबर न्यावे, आणि नकाशा काढण्यापूर्वी घरातील सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसास विचारावे. आमच्या घरी हे दोन्ही उशिरा झाले, पण झाले.

सासूबाई हल्ली सकाळी माझ्याकडे जेवतात आणि संध्याकाळी जाऊबाईंकडे. माझ्या आमटीत गूळ अधिक पडतो असे त्या जाऊबाईंना सांगतात, आणि त्यांच्या आमटीत कमी पडतो असे मला.